बुधवारची भाजी

‘पालेभाज्या खात जा’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात मी दिवसातून निदान तीस वेळा बोलत असेन. रक्त कमी असलेल्या बाईला, साखर वाढलेल्या काकांना, बद्धकोष्ठाने हैराण झालेल्या आजीला, सगळ्यांना. सरकारी रुग्णालयात एका रुग्णाला मिळणारी मिनिटं मोजकीच असतात, त्यामुळे वाक्य तिथंच संपतं. कधी एखादी बाई विचारते, ‘मॅडम, जुडी वीस रुपयांना. खाणारी माणसं सहा. माझ्या वाट्याला काय येणार?’ तिचं रक्त ७ ग्रॅम असतं आणि प्रश्न अगदी बरोबर असतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात रोज माणशी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत असं म्हटलं आहे. सहा माणसांच्या घरात याचा अर्थ रोज जवळजवळ अडीच किलो भाजी. ज्या घरात बटाट्याच्या पातळ रश्शात भाकरी बुडवून जेवण उरकतं, तिथं हा आकडा थट्टेसारखा वाटतो. आणि तरी तो सांगावा लागतो, कारण २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला होता.

पालेभाजी आणि रक्त यांच्या नात्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी फुगून मोठ्या होत. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते तपासलं. प्रथिनं, फळं, भाज्या, सगळ्याचीच वानवा होती. पुढे यीस्टच्या अर्कापासून बनणारा मार्माइट दिल्यावर या बायका बऱ्या होतात, असं त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कळलेलं नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालकातून तो घटक वेगळा काढला. पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला आपण जी गोळी देतो, तिच्या नावातच पान आहे.

शरीरात फोलेटचा साठा काही महिनेच पुरतो. ते उष्णतेने नष्ट होतं, उकळलेल्या पाण्यात उतरतं आणि भाजी पडून राहिली तरी घटत जातं. क जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. तोडल्यानंतरही भाजी श्वास घेत असते, स्वतःतला साठा जाळत असते. पालेभाजीचं पान पातळ आणि पसरट, त्यामुळे तिची झीज सर्वांत वेगाने होते. नुसती बाहेर ठेवलेली पालकाची जुडी आठवडाभरात आपलं बहुतेक क जीवनसत्त्व गमावून बसते. भोपळा, सुरण, रताळी यांना घाई नसते. त्यांची साल जाड आणि जगण्याची गती संथ असते. मटार आणि मक्याचं कणीस यांच्यातली साखर तोडल्यापासून पिठूळ होऊ लागते, म्हणून शेतावर खाल्लेलं कणीस आणि चार दिवसांनी शहरात खाल्लेलं कणीस या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

इथे थोडा प्रामाणिकपणाही हवा. ताजी भाजी म्हणजे अमृत आणि बाकी सगळा कचरा, असं नाही. लोह, कॅल्शियम, तंतू हे घटक तीन दिवसांत उडून जात नाहीत. तोडल्याबरोबर गोठवलेला मटार पोषणात कमी नसतो. आणि पालक खाऊन रक्त भराभर वाढतं ही समजूतही सोडून दिलेली बरी. १०० ग्रॅम पालकात लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. बाईची रोजची गरज धरली आहे २९ मिलिग्रॅम. रक्त ७ वर आलं असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. पालेभाजी तिथे साथीदार म्हणून येते. वर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होतं.

मग ती वीस रुपयांची जुडी आणि सहा माणसं, याचं काय करायचं? मी तिला बाजार सांगते. नाशिकला दर बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. ‘संध्याकाळी जा, दिवे लागायच्या सुमारास.’ दिवसभर बसलेल्या बायकांना परतीची गाडी गाठायची असते, उरलेली मेथी घरी न्यायची नसते. सकाळी वीसला एक असलेली जुडी तेव्हा वीसला तीन होते. पानं थोडी मलूल झालेली असतात, पण पहाटेच तोडलेली असतात. आठवड्यातून एकदा का होईना, सहाही माणसांच्या ताटात भाजी पोटभर येते.

मी स्वतः मात्र सकाळी जाते, तेवढी चैन मला परवडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून पहिल्या गाड्या आलेल्या असतात. गोणपाटावर ओळीने मांडलेले वाटे, ओल्या मातीचा वास, तागडीशेजारी खोवलेला पैसे घेण्याच्या कोडचा पुठ्ठा. गिलकी, डांगर, दोडकी, वालाच्या शेंगा. कोपऱ्यात नागली आणि वरईच्या पिशव्या. नागलीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत तिच्या जवळ कुणी येत नाही. हाडं ठिसूळ झालेल्या माझ्या वयाच्या बायकांना मी पावडरीच्या डब्यांऐवजी ही पिशवी दाखवते.

पावसाळ्यात हा बाजार पुस्तकासारखा असतो. कुर्डू, टाकळा, कर्टुली, चाईचा मोहर, बांबूचे कोवळे कोंब, कुणी फोडशी म्हणतं तर कुणी कोळी भाजी म्हणतं ती गवतासारखी पाती. यातलं काहीच कुणी पेरलेलं नसतं. कोणती भाजी कोणत्या पंधरवड्यात कोवळी असते, कोणतं पान खाण्याचं आणि कोणतं नुसतं त्याच्यासारखं दिसणारं, हे विकणारीच्या डोळ्यांत असतं. एकीने बांबूचे कोंब देताना मला बजावलं होतं, ‘ताई, दोनदा उकळायचं, पाणी फेकायचं, मग फोडणीला टाकायचं.’ कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं असतात आणि उकळून पाणी टाकल्याने ती बरीच कमी होतात, हे मी पुस्तकात वाचलं. ते तिला तिच्या आजीने सांगितलं. कोकण-ठाण्याकडे शेवळं शिजवताना काकडाची आंबट फळं घालतात, अळूत चिंच घालतात, तेही असंच. त्या कंदांत आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. ही माहिती टिकवणाऱ्या माणसांचं मोल सरकारलाही उमगलं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आमच्याकडच्या कित्येक आज्यांना आपल्या मडक्यातल्या बियांकडे पुन्हा बघावंसं वाटलं असेल.

रानभाज्यांच्या औषधी गुणांच्या पाट्या मात्र मला खटकतात. ही भाजी मधुमेहावर, ती मूतखड्यावर, तिसरी कर्करोगावर. कर्टुल्याची भाजी चवदार आहे, तंतुमय आहे, मधुमेही माणसाने बटाट्याऐवजी ती जरूर खावी. पण ती खाल्ली म्हणून गोळी बंद करून, चारशेच्या पुढे गेलेली साखर घेऊन आलेले रुग्ण दर पावसाळ्यात भेटतात. आणि ओळख नसताना स्वतः रानात जाऊन पानं खुडू नयेत. जिला ओळख आहे तिला तिचे पैसे द्यावेत.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की, ग्राहक टोमॅटोला जो रुपया मोजतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७. उरलेला सगळा हमाली, आडत, वाहतूक, नासाडी आणि मधल्या हातांचा. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं यासाठी पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ काढली, १९९९ मध्ये आंध्रात ‘रयतू बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’ आले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. त्या मोहिमेला नाव दिलं अरणच्या संत सावता माळींचं. भाजीच्या मळ्यातच विठोबा पाहिलेल्या माणसाचं नाव, याहून योग्य ते काय असणार.

अर्थात बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. पहाटे बाजार समितीतून माल उचलून आणणारेही असतात, तेही पोटासाठीच बसतात. पण पिकवणाऱ्याकडूनच घ्यायचं असेल तर खूण सोपी आहे. त्याच्यापुढे दोन-तीनच प्रकार असतात, आकार एकसारखे नसतात, आणि ‘कधी तोडली?’ विचारलं की उत्तर लगेच येतं, बहुधा पाणी, पाऊस आणि किडीच्या तक्रारीसकट.

हीच माणसं माझ्याकडे रुग्ण म्हणून येतात आणि त्या वेळी त्यांची दुसरी बाजू दिसते. फवारणीच्या मोसमात एखाद्याला उचलून आणतात. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने शरीरातलं एक महत्त्वाचं विकर बंद पाडलेलं असतं, त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबतच नाहीत. ॲट्रोपिन देत राहावं लागतं, कधी रात्रभर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना अशी विषबाधा झाली आणि वीसएक माणसं दगावली. पाठीवरच्या गळक्या पंपातून औषध सदऱ्यावर झिरपत असतं, झाडं डोक्याइतकी वाढलेली असतात, वारा उलटा असतो. डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त कमी विषारी. फवारणाऱ्या मजुराला बहुतेक वेळा हा डबा दाखवलेलाच नसतो, औषध पंपात कालवून हातात दिलेलं असतं.

आमच्याकडे द्राक्षांचा आणखी एक प्रकार आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, पुष्कळदा हातानेच. त्वचा भाजते, हे मजुरांना ठाऊक असतं. संध्याकाळी अंग दुखतं म्हणून थोडी दारू घेतली तर काय होईल, हे ठाऊक नसतं. हे रसायन दारू पचवणारं विकर अडवतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. पेस्टिंग चालू असेपर्यंत आणि त्यानंतरचे काही दिवस दारूचा थेंबही नको, एवढं एक वाक्य प्रत्येक बागेत कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. गंमत अशी की याच नाशिकचे द्राक्षबागायतदार युरोपला माल पाठवताना प्रत्येक फवारणीची नोंद ठेवतात आणि अंशाची तपासणी करून घेतात. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था त्यासाठी आहे. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं याचं गणित त्यांना तोंडपाठ आहे. आपल्या मेथी-वांग्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. ‘शेवटचं औषध कधी मारलं?’ हा प्रश्न भाजी घेताना जरूर विचारावा. रागाने नको, कारण त्या औषधाचा पहिला घोट विचारणाऱ्याच्या नव्हे, पिकवणाऱ्याच्याच अंगात गेलेला असतो.

बायकांचं दुखणं वेगळं. लघवीची जळजळ आणि ताप घेऊन येणाऱ्या भाजीवालीला मी विचारते, ‘मावशी, बाजाराच्या दिवशी पाणी किती पिता?’ उत्तर ठरलेलं, ‘घोटभर. जायचं कुठं?’ पहाटे चारला घर सोडलेली बाई संध्याकाळी सातपर्यंत उन्हात बसते आणि तहान मारते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडे, उन्हाळ्यात घेरी. कितीतरी गावांच्या बाजारतळावर बायकांसाठी धड, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नाही. प्रतिजैविकाची गोळी मी देऊ शकते, पुढच्या बाजारी ती पुन्हा तशीच बसणार. आणि तिचं रक्त तपासलं तर तेही कमीच निघतं. चांगल्या जुड्या विकायला, पिवळी पानं घरच्या कालवणाला. आपल्या ताटातल्या हिरव्या रंगाबद्दल आभार मानायचे तर मला आधी तिच्या ताटाची आठवण होते.

म्हणून जुडीमागे दोन रुपये पाडून घेण्यात मला रस राहिलेला नाही. वाकडी काकडी, डागाळलेलं वांगं, छिद्र पडलेलं पान मी घेते. आत कीड नसेल तर पोषणात फरक पडत नाही आणि ते घरी परत न्यावं लागलं तर तिचा दिवस वाया जातो. बाजाराच्या जवळच्या दुकानदारांनी आणि देवळांनी या बायकांना आपलं स्वच्छतागृह मोकळं केलं, तर माझ्या वॉर्डातल्या दोन-तीन खाटा तरी रिकाम्या होतील.

घरी आणलेल्या भाजीबद्दल थोडं. वाहत्या पाण्याखाली ती दोन-तीनदा धुवावी, विशेषतः कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, कोबी, काकडी. बाहेरचा अंश आणि माती जाते. झाडाच्या आत शोषलं गेलेलं औषध धुण्याने जात नाही. सांडपाण्याशी संबंध आलेल्या कच्च्या भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात, ती पोटातून मेंदूत पोचून गाठी होतात. फिट येणाऱ्या पूर्ण शाकाहारी रुग्णाच्या स्कॅनमध्ये अशी गाठ दिसली की घरच्यांचा विश्वास बसत नाही. दुधी किंवा काकडी चिरताना तुकडा चाखून पाहावा. कडू लागली तर सरळ टाकून द्यावी. कडू दुधीचा रस औषध म्हणून पिऊन माणसं दगावली आहेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा असेनोकुमेरॉल घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण प्रमाण रोज सारखं ठेवावं. चार दिवस काहीच नाही आणि बुधवारी अख्खी जुडी, असं केलं तर गोळीचा हिशोब चुकतो. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी पालक आणि अळू बेताने खावेत, मेथी चालते.

आता थोड्याच दिवसांत ऋषिपंचमी येईल. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम असल्याने परसातलं आणि हाताने लावलेलं तेवढंच एकत्र शिजवतात. अळू, माठ, सुरण, दोडका, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं. बाजारात तयार वाटे मिळतात, मिसळून ठेवलेले. तेल जवळजवळ नाही, मसाला नाही, तंतू भरपूर. हृदयरोगाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला याहून चांगलं जेवण मी लिहून देऊ शकत नाही. मक्याचं कणीस आणि सुरण मात्र मधुमेहींनी थोडं कमी वाढून घ्यावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी भाज्या आधी उकळून पाणी काढून टाकावं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. गोदावरीला पाणी वाढून ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढलं, तर त्या आठवड्यात घाटावर बाजार बसत नाही. बायका मिळेल तिथे, रस्त्याच्या कडेला पाट्या मांडतात. तेव्हा घाट रिकामा दिसला म्हणून मागे फिरू नका, दोन गल्ल्या शोधा.